दोन तारे तरी ओळखीचे हवेत

दिवाळीच्या खरेदीत घरात काय येते, यावरून त्या त्या पिढीचा कल ओळखावा. एके काळी सायकल आली, मग रेडिओ आला, मग दूरदर्शनचा संच आला. हल्ली एखाद्या घरी दुर्बीणही येते. ती नुसती डोळा लावायची नळी नसते बरे का! तिच्या बैठकीत मोटारी असतात, पोटात संगणक असतो आणि एका वायरीला लोंबणारा, टीव्हीच्या रिमोटसारखा एक हातसंच असतो. त्यावर ‘शनी’ निवडून कळ दाबली की ही बया गुरगुरत मान वळवते आणि आपली आपणच शनीकडे पाहू लागते. निदान जाहिरातीत तरी असे घडते.

प्रत्यक्षात त्याआधी एक विधी असतो. त्याला ताऱ्यांशी जुळणी करणे म्हणतात. तो नीट झाला नाही, तर हजारोंचे हे यंत्र शनी म्हणून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दाखवते. आणि दिवाळीच्या फराळाला आलेली मंडळी टाकीही मोठ्या कौतुकाने पाहून घेतात.

हा विधी कशासाठी, ते आधी समजून घेऊ. या यंत्राला हजारो ताऱ्यांचे, तारकागुच्छांचे आणि दीर्घिकांचे पत्ते पाठ असतात. पण साध्या बैठकीच्या यंत्राला, ते गच्चीवर ठेवले त्या क्षणी, स्वतःविषयी काहीच ठाऊक नसते. आपण कोणत्या गावी उभे आहोत, घड्याळात किती वाजले, उत्तर कुठे, बैठक सपाट की एका बाजूला कललेली, सगळा अंधार! सारे शहर तोंडपाठ, पण सध्या आपण कोणत्या चौकात आहोत एवढेच माहीत नाही, अशा पाहुण्यासारखी त्याची गत असते.

म्हणून आपण त्याला गाव, तारीख आणि वेळ सांगतो. तेवढ्यावर ते अंदाजाने एका तेजस्वी ताऱ्याकडे वळते. अंदाज थोडा चुकतोच. मग आपण नेत्रिकेतून पाहायचे, बाणांच्या कळा दाबून तो तारा बरोबर मध्यभागी आणायचा आणि ‘हाच तो’ असे यंत्राला सांगायचे. पण एका ताऱ्याने भागत नाही. भिंतीवरचे चित्र एकाच खिळ्यावर टांगले तर ते त्या खिळ्याभोवती गोल फिरू शकते. दुसरा खिळा ठोकला की मुकाट्याने जागेवर राहते. आकाशाचेही तसेच. दुसरा तारा पहिल्यापासून चांगला दूर घ्यावा, दोघांत काटकोनाच्या जवळपास अंतर असले तर उत्तम. फार बुटका नको, अगदी डोक्यावरचाही नको. दोन तारे दाखवले की मग यंत्राचे आकाश आणि खरे आकाश एकमेकांवर बसते.

गावाच्या चुकीने किती बिघडते? सातारा आणि सांगली यांच्यात सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर अंतर आहे. पृथ्वीच्या गोलावर हे जवळजवळ एक अंश भरते, म्हणजे आकाशात पूर्ण चंद्राच्या दोन रुंदींइतके. साताऱ्याची दुर्बीण सांगलीत आणून गाव बदलायचे राहिले, तर पहिला तारा तेवढा बाजूला दिसेल. पण दोन तारे नीट दाखवले की ही चूक बहुतेक भरून निघते. घड्याळ चार मिनिटे चुकले तरी एक अंशाचाच फरक. तारीख चुकली तर मात्र आकाशच बदलते.

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती. साताऱ्याहून बहीण सांगलीला माहेरी आली, आणि तिच्याबरोबर आमचे नववीतले भाचे आपली नवी दुर्बीण घेऊन आले. ओवाळणी झाली, जेवणे व्हायची होती, तोवर आम्ही सगळे गच्चीवर. वायव्येला अभिजित लखलखत होता. भाच्याने तोच निवडला, तर यंत्राने उत्तर दिले : हा तारा क्षितिजाखाली आहे!

“मामा, सांगलीत आल्यापासून बिघडलंय हे,” भाचा म्हणाला.

बिघडले नव्हते. त्याने तारीख आपल्या रीतीने भरली होती, आधी 3 आणि मग 11. यंत्र अमेरिकन रिवाजाचे, आधी महिना मानणारे. त्याच्या हिशेबी ती 11 मार्चची संध्याकाळ होती, आणि मार्चमध्ये त्या वेळी अभिजित खरोखरच क्षितिजाखाली असतो. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते दुसऱ्या दिवसाचे खरे बोलत होते.

तारीख सुधारली, अभिजित मध्यभागी आला. दुसरा तारा यंत्राने सुचवला तो दक्षिणेचा फोमलहॉट. हे नाव अरबी, अर्थ माशाचे तोंड. आपल्याकडे त्यालाच मीनास्य म्हणतात, आणि अर्थ तोच! अभिजित आणि मीनास्य यांच्यात सुमारे 91 अंशांचे अंतर, म्हणजे जोडी अगदी मनासारखी. पण त्या वर्षी शनी कुंभ राशीत होता, नेमका मीनास्याच्या वर वीसेक अंशांवर, आणि तेजाने त्याच्याहून किंचित सरसच. भाच्याने वरचा दिवा पकडला, मध्यभागी आणला, कळ दाबली. यंत्र क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, जुळणी फसली.

यात यंत्राची हुशारी पाहा. दुर्बीण अभिजितापासून किती वळली, हे त्याला मोटारींवरून कळते. वळायला हवी होती 91 अंश, वळली सुमारे 77. तेव्हा दोघांपैकी एक तोतया आहे, एवढे त्याने ओळखले. पण खरा कोण, ते काही त्याला सांगता येईना.

“मग यातला मीनास्य कोणता?” भाच्याने विचारले.

माझी आई खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, “अरे, लुकलुकतो तो तारा आणि स्थिर असतो तो ग्रह. एवढं तर आम्हाला प्राथमिक शाळेत शिकवलं होतं.”

खालचा दिवा लुकलुकत होता. तो मध्यभागी आणला, आणि जुळणी झाली. मग ‘शनी’ म्हटले की शनी! त्या वर्षी त्याचे कडे जवळजवळ आडवे होते, मण्यात आरपार सुई घातल्यासारखे. सगळ्यांनी पाहून झाल्यावर आई म्हणाली, “आता मला ती रेवती दाखव.”

मंडळींना आश्चर्य वाटले; पण मला कारण ठाऊक होते. आईचे माहेर रत्नागिरीचे. तिच्या वडिलांच्या घरी टिळक पंचांग. सासर सांगलीचे, दुसऱ्या पंचांगाचे. एका वर्षी दोन्ही पंचांगांचा अधिक मास निराळा पडला आणि माहेरची दिवाळी महिनाभर आधी आली. भाऊ ओवाळून घ्यायला सांगलीला आला, तेव्हा सासरी अजून किल्ल्याची मातीही आली नव्हती. सासूबाई जुन्या वळणाच्या. भाऊबीज नसताना भाऊबीज कशी करणार? भावाने जेवण केले, बहिणीच्या हातावर ओवाळणी ठेवली आणि तो न ओवाळता परत गेला. महिन्याने इकडे दिवाळी झाली, तेव्हा त्याला पुन्हा रजा मिळाली नाही. “आकाश एकच आणि भाऊबिजा दोन, हे कसं?” असे तिने वडिलांना पत्रात विचारले. त्यांचे उत्तर आले : “रेवतीमुळे.”

वडिलांचे उत्तर एका शब्दाचे असले, तरी त्यामागचा वाद पन्नास वर्षांहून मोठा आहे. आणि गंमत अशी की तो जुळणीचाच वाद आहे. आपल्या पंचांगाचे राशिचक्र कोठून मोजायचे? कुठेतरी शून्य धरले पाहिजे. सूर्यसिद्धान्तात रेवतीचा मुख्य तारा चक्राच्या जवळजवळ शेवटी, म्हणजे शून्यापाशीच सांगितला आहे, आणि चित्रेचा तारा बरोबर 180 अंशांवर. म्हणजे दोघे समोरासमोर हवेत. पण रेवतीचा म्हणून जो तारा विद्वानांनी ठरवला, तो आणि चित्रा प्रत्यक्ष आकाशात समोरासमोर नाहीत. सुमारे चार अंशांची तफावत पडते. ग्रंथातले अंतर एक, आकाशातले दुसरे. जुळणी फसली!

आता एकच तारा प्रमाण धरणे आले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1865 च्या सुमारास आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने, नवे वेध जमेस धरून ‘पटवर्धनी’ पंचांग सुरू केले, ते रेवतीचे. टिळक पंचांगही रेवतीचे. बागलकोटचे वेंकटेश बापूजी केतकर यांचे म्हणणे, चित्रा धरा. तेजस्वी आहे, तिच्या ओळखीविषयी कुणाला शंका नाही. या वादाचा एक फड आमच्या सांगलीतही रंगला. 1920 च्या सुमारास येथे ज्योतिर्विदांचे संमेलन भरले होते. सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो, म्हणून चार अंशांचे चार दिवस होतात. सगळ्यांची मकरसंक्रांत जानेवारीच्या 14-15 ला, तर टिळक पंचांगाची 10 च्या आसपास. संक्रांती चार दिवसांनी हलल्या की एखाद्या वर्षी अधिक मास हलतो, आणि मग भाऊबीजही हलते. पुढे 1952 मध्ये भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 1955 च्या अहवालात चित्रेला धरून गणित स्वीकारले, आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तरी काही घरांत रेवती अजून नांदते आहे. दोन्हीकडचे गणित शुद्धच. फरक एवढाच की त्यांनी पहिली कळ निरनिराळ्या ताऱ्यांवर दाबली.

त्या रात्री दहाच्या सुमारास रेवतीचा तो तारा पूर्वेकडे चांगला उंच आला होता. पाश्चात्त्य नाव झीटा पिशियम. नुसत्या डोळ्यांना तो अंधाऱ्या गावातही जेमतेम दिसेल. सांगलीच्या दिव्यांत तर नावच नको. चित्रा दिवाळीच्या दिवसांत सूर्याच्या झोतात बुडालेली, तेव्हा तिचा प्रश्नच नव्हता. दुर्बीण वळली. नेत्रिकेत एक नव्हे, शेजारी शेजारी दोन तारे दिसले, एक ठळक आणि एक मंद. हा जोडतारा आहे, आणि लहान दुर्बिणीलाही तो सहज उलगडतो.

आईने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “एवढ्याशा ठिणगीपायी माझी भाऊबीज हुकली होती होय!” आणि थोड्या वेळाने, “माझ्या भावाला दाखवायला हवी होती ही.” मामा जाऊन आता सहा वर्षे झाली.

कुणी म्हणेल, आता कॅमेऱ्याची यंत्रे निघाली आहेत. ती आकाशाचे छायाचित्र घेऊन स्वतःच तारे ओळखतात, तुमची दोन ताऱ्यांची पूजा कशाला? खरे आहे, आणि ती यंत्रे चांगलीच आहेत. पण ओळखीच्या खुणेचा आधार मोठमोठ्या यंत्रांनाही सुटलेला नाही. नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ-दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यासुद्धा निरीक्षण चालू असताना अधूनमधून पक्का पत्ता ठाऊक असलेल्या स्रोताकडे वळतात, मोजमाप तपासतात आणि मग पुढचे काम करतात. यंत्राला ही शिस्त आपण लावली. आपल्या मुलांना लावली आहे का?

पूर्वी खेड्यातला अडाणी समजला जाणारा गडी तिकांड्यावरून रात्रीची वेळ सांगे. आज आपल्या मुलांना हातसंचातली इंग्रजी आणि अरबी नावे वाचता येतात, पण ते तारे दिसतात कुठे, ते सांगता येत नाही. वाचकहो, दिवाळीची अमावास्या म्हणजे चंद्राचा उजेड नसलेली रात्र. फटाक्यांचा धूर निवला की मुलांना गच्चीवर न्या. संध्याकाळी वायव्येचा निळसर पांढरा अभिजित, दक्षिणेला एकटाच चमकणारा मीनास्य. दुर्बीण नसली तरी चालेल. दोन तारे पक्के ओळखता आले की तिसरा त्यांच्यावरून सापडतो आणि चौथा तिसऱ्यावरून. पुढे मुलगा कोणत्याही गावी गेला, तरी आपण कुठे उभे आहोत हे त्याला मान वर करून ताडून पाहता येईल.