पॅक-१२ कोणी मोडली? न्यायालय, टीआरपी आणि विद्यापीठांचे अध्यक्ष

१/ अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा इतिहास सांगणारे बहुतेक लेख एका तारखेपाशी येऊन थांबतात : २७ जून १९८४. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची प्रक्षेपणावरील मक्तेदारी मोडली आणि पुढचे सारे अनर्थ त्या निकालातून आपोआप ओघळले, असे सांगितले जाते. हे कथन सोयीचे आहे, कारण त्यात कोणीच दोषी ठरत नाही. म्हणूनच ते खोडून काढणे आवश्यक वाटते.

२/ नव्या वाचकांसाठी : तेथील विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. हे गट मुळात शेजाऱ्यांचे. प्रक्षेपण हक्क गट विकतो आणि रक्कम सदस्यांत वाटली जाते. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा नव्हे.)

३/ १९८४ पूर्वीचा काळ सुवर्णयुग होता, हा पहिला भ्रम. घरबसल्या सामना दिसू लागला तर तिकीट काढून मैदानात कोण येईल, या भयापोटी एनसीएएने १९५१ पासूनच प्रक्षेपणावर अंकुश ठेवला. त्याच वर्षी पेनसिल्वेनिया विद्यापीठाने स्वतंत्र करार करू पाहिला. संघटनेने बहिष्काराचा धाक घातला आणि विद्यापीठ नमले. १९८२ च्या योजनेत तर कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येण्यास मज्जाव होता.

४/ या व्यवस्थेचा मासला न्यायालयाच्या निकालपत्रातच सापडतो. १९८१ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) हा सामना सुमारे दोनशे केंद्रांवरून दाखवला गेला. सिटाडेल विरुद्ध अॅपलाचियन स्टेट हा सामना दाखवला गेला केवळ चार केंद्रांवरून. चारही संघांना मोबदला मात्र सारखाच! ओक्लाहोमा आणि जॉर्जिया न्यायालयात गेले ते या रागातून.

५/ निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. बहुमताचे निकालपत्र न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे. विरोधी मत न्या. बायरन व्हाइट यांचे. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, आणि आज त्यांना द्रष्टा ठरवण्याची टूम निघाली आहे. पण बहुमताने म्हटले काय? सामन्यांची कृत्रिम टंचाई निर्माण करून भाव ठरवणे स्पर्धाविरोधी आहे, एवढेच. शेजारी सोडून तीन हजार किलोमीटरवरचा गट गाठा, असे त्या निकालपत्रात कोठेही नाही. शिवाय तात्कालिक परिणाम तर उलटाच झाला : सामने भरमसाट वाढले आणि हक्कांचे दर कोसळले.

६/ दर पुन्हा चढवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून गट फुगवण्याची कल्पना आली. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना ओढून बारा संघ केले आणि १९९२ मध्ये गटाचा अंतिम सामना सुरू करून दूरचित्रवाणीला एक नवा माल विकला. आर्कान्सा गेल्यावर १९१४ ची साउथवेस्ट कॉन्फरन्स खिळखिळी झाली. १९९६ मध्ये तिचे चार बडे टेक्सासी सदस्य ‘बिग १२’ मध्ये गेले. राइस, एसएमयू, टीसीयू आणि ह्यूस्टन मागे उरले.

७/ आता मुख्य आक्षेप. ‘प्रेक्षकांना जे हवे होते तेच घडले’ असे समर्थन केले जाते. मग २०१४ मध्ये बिग टेन गटाने रटगर्स विद्यापीठाला का घेतले? १८६९ चा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना जिंकल्याचा मान सोडला, तर रटगर्सच्या फुटबॉलकडे राष्ट्रीय प्रेक्षकवर्ग कधी नव्हताच. पण ते न्यू जर्सीत आहे आणि न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या केबल बाजारात मोडते. २००७ मध्ये सुरू झालेल्या बिग टेन नेटवर्कला गटाच्या प्रदेशातील प्रत्येक केबलधारकाकडून चढे शुल्क मिळे. सामना पाहा अथवा पाहू नका. वॉशिंग्टनच्या बाजारासाठी मेरीलँडला आणले गेले. १९५३ पासूनचे एसीसीचे संस्थापक सदस्यत्व सोडून ते आले. या व्यवहारात प्रेक्षक होता कुठे? होती ती घरांची मोजदाद.

८/ पुढे लोक केबल तोडू लागले तेव्हा खऱ्या प्रेक्षकसंख्येला महत्त्व आले, हे मान्य. परंतु टीआरपी हा संघाचा जन्मजात गुण नव्हे. मुख्य वाहिनीवर दुपारी दाखवलेला सामना आणि पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेदहाला सुरू होणारा पश्चिमेचा सामना यांची तुलना कशी करायची? वेळ वाहिनी देते, आकडा वेळेतून येतो आणि मग त्याच आकड्याकडे बोट दाखवून वाहिनी भाव पाडते.

९/ गणित निर्दय आहे. रक्कम समान वाटायची असेल, तर नव्या सदस्याने सरासरीपेक्षा अधिक आणले पाहिजे. नाहीतर जुन्यांचा वाटा घटतो. म्हणून २०२१ मध्ये टेक्सास व ओक्लाहोमा, २०२२ मध्ये यूएससी व यूसीएलए पूर्ण वाट्यावर उचलले गेले. ओरेगॉन, वॉशिंग्टन, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांना कमी वाट्यावर जावे लागले. १९९६ मध्ये मागे उरलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर ‘अटलांटिक किनाऱ्या’च्या गटात शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण-उत्पन्नावर पाणी सोडले!

१०/ पॅक-१२ च्या कर्त्यांनाही निर्दोष समजू नये. २०१२ मध्ये त्यांनी संपूर्ण स्वतःच्या मालकीचे नेटवर्क काढले. मोठा प्रसारक भागीदार नसल्याने ते डायरेक्टटीव्हीवर कधी पोहोचलेच नाही. अखेरीस अॅपलचा प्रस्ताव आला, ज्यात उत्पन्न वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बाहेर पडले आणि १९१५ मध्ये मूळ धरलेला गट जवळपास संपला.

११/ किंमत कोण चुकवतो? फुटबॉल संघ बहुधा आठवड्यात एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस यांच्या खेळाडूंनी मात्र लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंतचे प्रवास वर्ग आणि परीक्षा सांभाळून करायचे. त्यांच्या खेळांची टीआरपी कोणत्याही बैठकीत निर्णायक नव्हती. मते दिली ती विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि नियामक मंडळांनी. त्यातली बहुसंख्य विद्यापीठे सरकारी. न्यायालयाने १९८४ मध्ये दार उघडले असेल, पण उंबरठा ओलांडणारे पाय यांचे होते.

१२/ पॅक-१२ मध्ये शेवटी दोघेच उरले : ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. न्यायालयात झगडून त्यांनी गटाचा कारभार आणि शिल्लक ताब्यात मिळवली. मग सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी शेजारच्या माउंटन वेस्ट गटातून बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट यांना फोडले. सदस्य पळवल्यास दंड भरण्याचे कलम त्यांनी स्वतःच आदल्या वर्षी माउंटन वेस्टशी केलेल्या करारात होते. त्या कलमाविरुद्ध पॅक-१२ न्यायालयात गेली. युक्तिवाद कोणता? हे कलम स्पर्धाविरोधी आहे.