चिपचे साचेखाते कोणाचे?

संध्याकाळी कॉटन ग्रीन स्टेशनच्या फलाटावर पाहावे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कोणी सिनेमा पाहतो, कोणी भीमगीते ऐकतो, कोणी स्पर्धा परीक्षेचे व्याख्यान. बॅटरी संपली की सारे बंद. ती लवकर संपू नये याची काळजी चिप आखणारा इंजिनिअर घेतो. चिपचा व्होल्टेज निम्मा केला आणि बाकी सारे तेच ठेवले, तर तिच्या उघडझापीला लागणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. पण मग वेगही मंदावतो. म्हणून व्हिडिओचे काम मुख्य प्रोसेसरवर न लादता खास त्यासाठी आखलेल्या भागाकडे देतात आणि रिकाम्या भागांची वीज तोडतात. हे कसबाचे काम आहे. त्याला दामही तसाच मिळतो.

कापसाच्या बाजाराने या स्टेशनला नाव दिले. त्याच कापसावर चालणाऱ्या गिरण्यांत आमच्या आज्या-पणज्यांना त्रासन खाते मिळे. जास्त मजुरीचे साचेखाते मात्र बंद! कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याने सवर्ण कामगार बाटत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनीच स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. वीज आणि कसब, दोन्ही आमच्या चळवळीचे जुने विषय आहेत.

आज चिपची आखणी हे नवे साचेखाते आहे. पवईच्या आयआयटीने 'अजित' हा प्रोसेसर आखून हे काम इथे होते, हे दाखवले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. तीत चिप आखणाऱ्या कंपनीला पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, अर्जामागे 15 कोटींपर्यंत परतावा ठेवला. पैसा जनतेचा, नोकरी मात्र खासगी! घटनेचे कलम 15(5) आमच्या मुलांना खासगी कॉलेजातही प्रवेशाची वाट देते. पण कलम 16(4) सरकारी नोकरीपुरतेच आहे. कंपनीच्या दाराशी आरक्षण संपते.

'चिपला जात कळत नाही, तिथे गुणवत्ता लागते,' असे आम्हाला ऐकवले जाते. सुताला तरी जात कुठे होती? जात सूत ओढणाऱ्याला होती!

म्हणून आमची मागणी साधी आहे. सरकारी परतावा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने अनुसूचित जाती-जमातींचे किती इंजिनिअर आखणीच्या कामावर घेतले, ते दरवर्षी जाहीर करावे. परताव्याला अशी अट घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

आणि दोन शब्द समाजबांधवांना. जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला काही वाटा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुला-मुलींच्या फीसाठी वळवा. साचेखात्याचे दार आपोआप उघडले नव्हते. हेही उघडणार नाही. जयभीम!