‘ती तिथे गेलीच कशाला?’

पबमध्ये एखाद्या मुलीची छेड काढली गेल्याचे वृत्त आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ती तिथे गेलीच कशाला? असे विचारणाऱ्यांत आपलेही अनेक जण असतात, हे मान्य करूनच पुढे लिहितो. मद्यालयांच्या संस्कृतीविषयी प्रस्तुत लेखकाला तिळमात्र ममत्व नाही. परंतु तो वाद वेगळा आणि संकटात सापडलेल्या मुलीची सुटका वेगळी.

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात २०१६ साली एक साधी योजना सुरू झाली. मद्यालयांच्या स्वच्छतागृहांत फलक लागले : सोबतचा पुरुष त्रास देत असेल, भीती वाटत असेल, तर काउंटरवर जाऊन ‘अँजेला आहे का?’ एवढेच विचारा. आरडाओरडा नको, चारचौघांत शोभा नको. कर्मचाऱ्याने खूण ओळखायची, तिला आडोशाला न्यायचे, टॅक्सी बोलवायची किंवा तिच्या मैत्रिणीला गाठायचे. प्रसंगी त्या पुरुषाला बाहेर काढायचे आणि पोलिसांना कळवायचे. लंडनच्या पोलिसांनीही ही योजना उचलून धरली. शिक्षणासाठी लंडन-मँचेस्टरला गेलेल्या मराठी मुलींच्या आईवडिलांनी हा शब्द आपल्या लेकींना अवश्य सांगून ठेवावा. ‘आमची मुलगी तसल्या ठिकाणी जात नाही’ हे उत्तर सोयीचे खरे. पण वर्गातल्या सोबत्यांच्या आग्रहाखातर एखाद्या संध्याकाळी ती गेलीच, तर?

मात्र फलक लावला की कर्तव्य संपले, हा तिकडचाही रोग आहे. २०२४ मध्ये बीबीसीने लंडनमधील २५ ठिकाणी गुपचूप परीक्षा घेतली. हे सर्वजण योजनेत सहभागी असल्याचे सांगत होते. त्यांपैकी १३ ठिकाणी कर्मचाऱ्यांना तो शब्द उमगलाच नाही! भिंतीवर आश्वासन आणि काउंटरमागे कोरा चेहरा. सारे धैर्य एकवटून तिथवर आलेल्या मुलीला ‘कोण अँजेला?’ असे मोठ्याने विचारले गेले, तर मागे उभ्या असलेल्या त्या पुरुषाला काय कळायचे ते कळतेच. यापेक्षा फलक नसलेला बरा. कारणही उघड आहे. या धंद्यात नोकर सतत बदलतात, आणि आज आलेल्याला कालचे शिक्षण कोणी देत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. २००८ सालच्या पहिल्याच रात्री मुंबईत जुहूला हॉटेलबाहेर दोन महिलांना जमावाने घेरले. २०१२ च्या जुलैत गुवाहाटीत बारबाहेर एका मुलीची भररस्त्यात विटंबना झाली आणि तिचे चित्रण होत राहिले. आणि २००९ च्या जानेवारीत मंगळूरच्या पबमध्ये मुलींवर हात टाकणारे तर संस्कृतिरक्षणाचा झेंडा घेऊन आले होते! स्त्रीला मारहाण करून कोणती संस्कृती राखली जाते? शिवरायांनी रांझ्याच्या पाटलाला बदअमलाबद्दल हातपाय तोडण्याची शिक्षा दिली, त्याविषयीचे १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पाटलाचा गुन्हा आहे, शिक्षा आहे; ती स्त्री कुठे होती, कशाला होती, याची विचारपूस नाही. उठताबसता महाराजांचे नाव घेणाऱ्यांनी ते पत्र एकदा शांतपणे वाचावे.

दुसऱ्या बाजूचे ढोंगही कमी नाही. ‘मुक्त जीवनशैली’चे गोडवे गाणारे मद्यालयचालक प्रवेशशुल्क चोख वसूल करतात, दाराशी दांडगे बाउन्सर उभे करतात, पण ते कोणाच्या रक्षणासाठी? अनेकदा बिल बुडू नये एवढ्यासाठीच.

आपल्याकडे ११२ हा क्रमांक आहे, छेडछाड आणि पाठलागाविरुद्ध भारतीय न्याय संहितेत कलमे आहेत. पण शेजारी बसलेल्या माणसाच्या देखत फोन कसा लावायचा? नेमकी तीच उणीव असा सांकेतिक शब्द भरून काढतो. राज्य उत्पादन शुल्क विभाग परवाना देताना वेळेपासून वयापर्यंत शंभर अटी घालतो. त्यांत आणखी एक घालावी : मराठी मुलीच्या तोंडी सहज येईल असा एक शब्द, प्रत्येक नव्या नोकराला पहिल्याच दिवशी त्याचे शिक्षण, आणि साध्या वेशातील महिला पोलिसाकडून अधूनमधून परीक्षा. जो नापास होईल, त्याच्या परवान्याचे नूतनीकरण थांबवावे. आपल्या शहरातील महिला कार्यकर्त्यांनी हे निवेदन घेऊन येत्या ३१ डिसेंबरपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना भेटावे.