असईच्या वाटेने आलेला गव्हर्नर

२०१८ साली मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव बदलण्यात आले, तेव्हा वसाहतवादाची एक खूण पुसल्याचे समाधान अनेकांनी मानले. ते नाव मुळात पुतण्याचे होते, ही गोष्ट अलाहिदा. चुलत्याचा, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा, हिशेब मात्र अजून राहिलाच आहे आणि तो जालना जिल्ह्यातून सुरू होतो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातील असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलस्लीपुढे हरल्या. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली. त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी शिपाई होते. चोविशीही न गाठलेला एल्फिन्स्टन हा मुलकी अधिकारी त्या दिवशी वेलस्लीसोबत होता. सोळा वर्षांनी तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

गादीवर येताच, १८१९ च्या नोव्हेंबरात, मुंबईहून रास अल-खैमावर आरमारी मोहीम निघाली. कारण दिले गेले चाचेगिरीचे. आंग्र्यांनाही शतकभर आधी हेच विशेषण लावले गेले होते, याचे स्मरण मराठी माणसास तरी असावे. १८२० च्या तहाने अरब शेखांचा किनारा बांधला गेला. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली हिंदी सुतारांनी सागवानाची 'गँजेस' (१८२१) आणि 'एशिया' (१८२४) ही ८४ तोफांची जहाजे घडवली, ती ब्रिटिश आरमारासाठी.

शाळा आणि १८२७ ची कायदेसंहिता यांचे श्रेय एल्फिन्स्टनला द्यावेच लागेल. परंतु जहागीरदार-इनामदारांना त्याने सांभाळले ते निव्वळ औदार्याने नव्हे. वरचा थर राखला की राज्य स्वस्तात चालते, हे तो ओळखून होता. कुणब्याच्या वाट्यास काय आले? त्याच्याच कारकिर्दीत सुरू झालेल्या प्रिंगलच्या पाहणीने निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा ठरवला. ती आकारणी पुढे कोसळली. तोवर कित्येक जमिनी पडीक पडल्या होत्या.

असईच्या पदरी तर त्या शाळाही पडल्या नाहीत. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराखालचा शिंद्यांचा मुलूख सुटला आणि निजामाकडे गेला. जालन्यास इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी बसली. तिचा खर्च निजामाच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातून निघत असे. निजामी अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला, तेव्हा असईच्या लढाईस १४५ वर्षे होत आली होती.