चिठ्ठी वेळेवर हवी

यकृत निकामी झालेला रुग्ण प्रत्यारोपणास योग्य आहे की नाही, याचा निर्णय अनेक दिवसांच्या तपासण्यांनंतर होत असतो. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. नागपुरात ही सोय २०१८ मध्ये आली. सोय जवळ आली हे खरे. परंतु संग्रामपूरचा किंवा लोणारचा रुग्ण तेथवर कोणत्या अवस्थेत पोचतो, याचा विचार फारसा झालेला नाही. पोटातले पाणी काढायचे आणि घरी पाठवायचे, असे महिनोन्‌महिने चालते. 'पुढे न्या' ही चिठ्ठी मिळते ती रुग्ण बेशुद्धीकडे झुकल्यावर.

रोगाची निकड 'मेल्ड' गुणांकाने मोजतात. बिलिरुबिन, क्रिएटिनीन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून ६ ते ४० असा हा आकडा निघतो. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. तो साधारण १५ च्या पुढे गेला, की प्रत्यारोपणाचा लाभ धोक्याहून अधिक ठरतो. मात्र रुग्ण शस्त्रक्रिया सोसेल का, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी हृदय, फुफ्फुसे, दबलेला क्षय, किडलेले दात, इतकेच नव्हे तर अंगावर मांस किती उरले आहे, हेही पाहावे लागते. पोटात पाणी झालेला माणूस वजनात भरतो. तो आतून झिजल्याचे काट्यावर दिसत नाही.

या जिल्ह्यात मूत्रपिंडाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत मूत्रपिंडविकाराची तक्रार जुनी आहे. वाढलेले क्रिएटिनीन यकृतामुळे असेल, तर प्रत्यारोपणानंतर मूत्रपिंड सावरू शकते. मूत्रपिंड आधीपासूनच कायमचे खराब असेल, तर केवळ यकृत बदलून भागत नाही. हा भेद करण्यास वर्षा-दोन वर्षांपूर्वीचे रक्ततपासणीचे कागद मोलाचे ठरतात, आणि नेमके तेच कोणाजवळ नसतात.

मद्यपी रुग्णाने आधी सहा महिने दारू सोडावी, असा दंडक अनेक केंद्रांनी पाळला. फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी मद्यजन्य तीव्र यकृतदाहाच्या निवडक रुग्णांवर या मुदतीची वाट न पाहता प्रत्यारोपण केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ७७ टक्के रुग्ण हयात होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण २३ टक्के होते. त्यांची निवड अतिशय काटेकोर होती, हेही विसरता येत नाही. तथापि व्यसनमुक्तीचे उपचार आणि घरच्यांची साथ यांना कॅलेंडरहून अधिक वजन द्यावे, हे त्यातून उघड होते.

घरच्यांची साथ म्हणताना दात्याचाही विचार आला. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकांना यकृताचा भाग देण्याची मुभा आहे. पत्नीचा होकार आपल्याकडे बहुधा गृहीतच धरला जातो. म्हणून तिला एकटीला विचारणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. तिने नकार दिल्यास त्याचे कारण घरी कळता कामा नये.

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. हृदयाची सोनोग्राफी, क्षयाची व दातांची तपासणी, आहाराचा सल्ला, व्यसनमुक्ती यांपैकी कशासाठीही रुग्णाने नागपूर गाठण्याचे कारण नाही. पोटात प्रथम पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली, की त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी रुग्णाच्या हाती पडावी, आणि तालुक्याच्या रुग्णालयातील जुने तपासणीचे कागदही तिच्यासोबत जावेत.