जुन्या ट्रॅक्टरास घरगुती जोड : हुक, दोर आणि यारी

यंत्र जुनें झालें म्हणजे तें निरुपयोगी झालें असें समजण्याचें कारण नाहीं. १९६३ सालीं महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारींतून निघालेल्या कंपनीचे बी-२७५ जातीचे ट्रॅक्टर, तसेंच मॅसी फर्ग्युसनचे व झेटरच्या धर्तीवर पिंजोर येथें बनलेले एच.एम.टी.चे जुने ट्रॅक्टर अद्यापि कित्येक गांवीं चालू स्थितींत आहेत. नांगरणीस नवें यंत्र आलें म्हणजे या जुन्यांकडे उसाची ट्रॉली ओढणें, चिखलांत रुतलेली गाडी काढणें, बाभळीचें खोड उपटणें, विहिरींतील गाळ व दगड वर आणणें, अशीं कामें येतात. आणि त्यांकरितां गांवच्या वेल्डिंगच्या दुकानांतून हुक, ओढदांडा किंवा यारीचा ढोल करून घेण्याची चाल पडली आहे. ही चाल मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. बाजारांतील तयार सामान प्रत्येकास परवडत नाहीं, आणि आपल्या कारागिरांचे हात कोणाहून कमी नाहींत. परंतु जें काम हिशेबानें व्हावयाचें तें केवळ अदमासानें होत आहे, आणि त्या अदमासाची किंमत बहुधा दुसराच कोणी देतो, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे.

पहिला प्रश्न ओढ कोठून घ्यावी हा होय. समजा, ट्रॅक्टरचें एकंदर वजन १८०० किलो असून त्यापैकीं ६०० किलो पुढच्या चाकांवर आहे, व दोन्ही आंसांमध्यें १८० सेंटिमीटर अंतर आहे. साखळी जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर अडकविली, तर पुढचीं चाकें अधांतरीं होण्यास २७०० किलोंची ओढ लागेल. ६०० ला १८० नीं गुणून ४० नीं भागलें म्हणजे हा आंकडा येतो. इतकी ओढ देण्याजोगी पकड साध्या जमिनींत टायरांस मिळतच नाहीं. त्यापूर्वीं मागचीं चाकें जागच्या जागीं घसरूं लागतात, आणि तें घसरणें हेंच आपलें रक्षण. तीच साखळी ९० सेंटिमीटरवर, म्हणजे टॉप लिंकच्या खुंटीच्या आसपास, बांधली तर अवघ्या १२०० किलोंत पुढचीं चाकें उचललीं जातात. आणि कठीण सुक्या जमिनीवर इतकी ओढ मिळूं शकते. एकदां तोंड वर उठलें कीं यंत्र परत न फिरणाऱ्या स्थितीस पोंचण्यास एक सेकंदही लागत नाहीं. क्लचवर पाय जाईपर्यंत काम आटोपलेलें असतें.

हा धोका नवा नाहीं. १९१७ पासून विकला गेलेला फोर्डसन ट्रॅक्टर असा मागें उलटण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. हॅरी फर्ग्युसन याच्या तीन सांध्यांच्या जोडणीनें नांगर अडकला असतां उलटण्याची भीति पुष्कळ कमी केली. पण ती योजना नांगरासाठीं आहे. तिच्याच वरच्या खुंटीस साखळी बांधून खोड ओढणारा मनुष्य त्या शोधाचा सारा लाभ स्वहस्तें नाहींसा करतो. म्हणून नियम असा कीं, ओढण्याचा हुक सदैव मागच्या आंसाच्या मध्याच्या बराच खालीं असावा, आणि ओढ यंत्राच्या सरळ रेषेंत असावी. तिरपी ओढ यंत्रास कुशीवर पाडते. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांस लांकडाचा ओंडका बांधून तो पुढें काढण्याची युक्तीही सोडावी. चाक अडलें आणि इंजिनचा जोर चालू राहिला, तर चाकाऐवजीं ट्रॅक्टरचें धूडच आंसाभोंवतीं फिरतें. चिखल उकरून मागच्या वाटेनें बाहेर यावें, हेंच शहाणपण.

दुसरी गोष्ट दोराची. १२ मिलिमीटर जाडीचा चांगला, नवा पोलादी तारेचा दोर सुमारें ७ ते ८ टनांस तुटतो; पण भार उचलण्याच्या कामीं त्याच्या पंचमांशाहून, म्हणजे सुमारें दीड टनाहून, अधिक भार त्यावर देऊं नये. तारा तुटलेला, गंजलेला किंवा पिळा पडलेला दोर याही हिशेबांत धरूं नये. टोंकास फांस करतांना निदान ३ क्लिपा लावाव्या, आणि क्लिपेची बैठक भार वाहणाऱ्या दोरावर व वांकडा बोल्ट मोकळ्या शेंपटावर असावा. हें बहुधा उलट केलेलें दिसतें, आणि मग जो दोर भार वाहतो तोच चेंगरतो. हिसका देऊन ओढणें वर्ज्य समजावें. नायलॉनचा दोर ताणला असतां रबराप्रमाणें जोर सांठवितो, आणि तुटल्यास टोंकाचा लोखंडी हुक बंदुकीच्या गोळीसारखा येतो. दोर ताणला जात असतां त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरांत कोणीही उभें राहूं नये. दोरावर मध्यभागीं ओलें गोणपाट टाकून ठेवावें. बांधकामाची सळई वांकवून केलेला हुक हा हुक नव्हे.

तिसरी गोष्ट यारीची, आणि ती सर्वांत गंभीर. पीटीओचा दांडा ठराविक गतीस मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. २० सेंटिमीटर व्यासाचा ढोल त्यास सरळ जोडला, तर सेकंदास साडेपांच मीटरांहून अधिक दोर गुंडाळला जाईल. १७ मीटर खोल विहिरींतील बादली तीन सेकंदांत माथ्यावर आदळेल. म्हणून मध्यें वेग कमी करणारी दांत्यांची पेटी हवी. वेग विसांशावर आणला तर बादली सेकंदास २८ सेंटिमीटर चढते, आणि ती गति माणसाच्या नजरेस व हातास झेपते. दुसरें असें कीं, जुन्या ट्रॅक्टरांपैकीं पुष्कळांत क्लच दाबतांच पीटीओही सुटतो. घाबरलेला चालक क्लच दाबतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं भरलेली बादली खालीं सुटते. यास्तव ढोलास स्वतःचा ब्रेक, आणि उलट फिरण्यास अटकाव करणारा दांता, हीं दोन्हीं असल्यावांचून यारी विहिरीवर नेऊं नये. दोर पूर्ण सोडला असतांही ढोलावर निदान ३ वेढे शिल्लक राहावे. फिरत्या दांड्यावर झांकण असावें; धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक किंवा पदर गुंतण्यास निमिषही पुरतें. ट्रॅक्टरच्या चाकांस दगड नव्हे, लांकडी पाचरी द्याव्या. बादलींतून माणसास कदापि वर-खालीं करूं नये. आणि भार चढत असतां आंतल्या माणसानें त्याखालून बाजूस राहावें.

हीं सारीं जोडकामें यंत्रास कोठें बसवावीं, याविषयींही एक सूचना. जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचें व मागच्या आंसाचें कवच ओतीव लोखंडाचें असतें. त्यावर साधें वेल्डिंग धरत नाहीं. धरलेलें दिसलें तरी शेजारीं चीर पडते. कारखानदारानें जीं भोंकें ठेविलीं आहेत त्यांतच जाड पट्टी बोल्टांनीं बसवावी, आणि बोल्टाच्या माथ्यावर ८.८ चा आंकडा पाहून घ्यावा.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या वडिलांच्या वेळेपासून टॉप लिंकलाच साखळी लावीत आलों, कांहीं झालें नाहीं. यावर उत्तर इतकेंच कीं, ज्यांचें कांहीं झालें तेच हें सांगण्यास उरलेले नाहींत. दुसरे म्हणतील कीं, इतकी काळजी घेण्यापेक्षां सर्व घरगुती सामान कायद्यानेंच बंद करावें. हेंही आम्हांस पटत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशीं विसंगत असे फेरबदल करण्यास आधींच अटकाव करतें, व रस्त्यावर तें पाळलेंच पाहिजे. परंतु विहिरीच्या कांठावर कोणी अधिकारी उभा नसतो. तेथें आपल्या सोसायटीनेंच उभें राहिलें पाहिजे. प्रत्येकानें निरनिराळा हुक करून घेण्यापेक्षां सोसायटीनें एक चांगला ओढदांडा, एक दोर व एक यारी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. ती भाड्यानें द्यावी. आणि एका वहींत दोर केव्हां घेतला, केव्हां तपासला व केव्हां रद्द केला याची नोंद ठेवावी. बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या परीक्षण-अहवालांत यंत्राची ओढ किती हें दिलेलें असतें. ज्या यंत्रांचे अहवाल मिळतील ते मागवून त्या वहीस जोडावे. खर्च अनेकांत वांटला जाईल, व तपासणी एकाची जबाबदारी राहील.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. गांव नमुना ६-क या वारस नोंदवहींत मयत खातेदाराचें नांव येतें, मृत्यूची तारीख येते, वारसांचीं नांवें येतात. मृत्यु कशानें झाला हें विचारणारा रकाना तींत नाहीं. आणि विहिरींत उतरणारा मनुष्य बहुधा भूमिहीन असतो, त्यामुळें त्याचें नांव त्या वहींतही येत नाहीं. तो दोर आपण विकत घेतलेला असतो, हुक आपण सांगितलेल्या उंचीवर बसविलेला असतो, आणि खालीं उभा राहणारा मात्र तो असतो. आपण जमिनीचे धनी आहों तसे या जबाबदारीचेही धनी आहों. येत्या उन्हाळ्यांत विहिरींचीं कामें निघण्यापूर्वीं सुज्ञ वाचकांनीं आपल्या ट्रॅक्टरमागें जाऊन हुकाची उंची स्वतः मोजावी, आणि सोसायटीच्या पुढील सभेंत वहीचा विषय मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.