ड्युटीवरची झोप

बँकेतला कारकून काउंटरवर झोपा काढतो, अशी एक समजूत आपल्या समाजात आहे. ती पसरवण्यात व्यंगचित्रकारांचा वाटा मोठा आहे आणि, खोटे कशाला बोला, थोडाफार आमचाही आहे. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी ड्युटीवर एकदाच झोपलो. ३१ मार्चची रात्र होती, अकरा वाजून गेले होते आणि सात रुपयांचा फरक काही केल्या सापडत नव्हता. त्या डुलकीबद्दल मला जे ऐकून घ्यावे लागले ते अजून तोंडपाठ आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, आमच्या घरच्या लॅपटॉपवरही कुणीतरी कारवाई केली पाहिजे. सहा सेकंद काम नसले की हा गृहस्थ झोपतो, हाक मारली की दचकून उठतो, आणि या वागण्याला 'विजेची बचत' असे भारदस्त नाव आहे!

प्रकरण असे. माझ्या वडिलांनी १९८६ साली माझ्यासाठी एका कॅसेटमध्ये तीसपर्यंतचे पाढे स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. वडील गेले, टेपरेकॉर्डर गेला, कॅसेटला बुरशी यायला लागली. तेव्हा भाच्याकडून ती लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. आता चौथीतली माझी कन्या आजोबांकडून पाढे शिकते. आजोबांची एक ओळ ऐकायची, थांबवायची, तीनदा म्हणायची, मग पुढची ओळ. तिसऱ्यांदा म्हणत असताना लॅपटॉपातून आवाज येतो, 'टप्प!' पुढच्या ओळीसाठी आजोबांना सुरू केले की पुन्हा 'टप्प!' आणि त्या टप्पात पहिली दोन अक्षरे गडप. आजोबा म्हणतात, 'एकोणतीस चोक सोळोदरसे.' नातीला ऐकू येते, 'णतीस चोक सोळोदरसे.' कन्येने शाळेत जाऊन 'णतीस'चा पाढा म्हटला, आणि बाईंनी 'पालकांनी उच्चारांकडे लक्ष द्यावे' असा शेरा माझ्या नावाने लिहून पाठवला.

आईचे मत वेगळे. ती म्हणाली, "ह्यांना मध्येच थांबवलेलं कधी खपायचं नाही. असंच टेबलावर टिचकी मारायचे."

या देशात ताप आलेल्या माणसाला आणि आवाज करणाऱ्या यंत्राला सल्ल्याची कमतरता नाही. शेजारच्या काकांच्या मते स्पीकरमध्ये झुरळ असावे. आमच्या कॅशियरने व्हायरसचे निदान केले. तो पगार उशिरा झाला तरी व्हायरसचेच निदान करतो. मेव्हणे म्हणाले, "नवा घेऊन टाका," आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता बहिणीकडे बघितले. शेवटी स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात तीन मोबाइल एकाच वेळी तीन गाणी वाजवत होते. त्या गोंगाटात त्याने माझा लॅपटॉप कानाला न लावताच सांगितले, "बोर्ड गेलाय. चौदा हजार."

चौदा हजार म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. ज्या नोंदीचे व्हाउचर नाही, ती मी पास करत नाही. घरी येऊन मी एक वही केली. रकाने तीन: बंद केल्याची वेळ, टप्प झाल्याची वेळ, शेरा. दोन संध्याकाळी चाळीस नोंदी केल्या. सौभाग्यवतीने हे पाहून काळजीपोटी माझ्या बहिणीला फोन केला, ही गोष्ट वेगळी. पण नोंदी काय सांगत होत्या? सहा सेकंद, सहा सेकंद, सहा सेकंद. झुरळ इतके वक्तशीर असत नाही. बोर्ड जायचा तर तो वेळापत्रक लावून जात नाही. शिवाय आवाज चालू असताना एकदाही टप्प नाही. जे काय व्हायचे ते थांबवल्यावर आणि पुन्हा सुरू करताना. वायरचा हेडफोन लावून पाहिला, तर त्यातही तेच. म्हणजे स्पीकर बिचारा निर्दोष सुटला. (स्पीकरचा पडदा फाटला असता, तर ठरावीक सुरांना घरघर झाली असती. आणि आवाज चालू असताना करकर झाली असती, तर यंत्राला पुरवठा वेळेवर होत नाही असे समजायचे. ते दुखणे निराळे.)

बहिणीच्या सांगण्यावरून भाचा आला. मामाला वेड लागले नसल्याची खात्री करून त्याने वही वाचली आणि म्हणाला, "मामा, हा झोपतोय."

लॅपटॉपात आकड्यांचा आवाज करणारी एक चिप असते. काही वाजत नसले की आमची लिनक्स आधी पाच सेकंद वाट बघते, मग चिपला मोकळी करते. चिप आणखी एक सेकंद थांबते आणि वीज तोडून आडवी होते. वीज तुटताना आणि जुळताना व्होल्टेज एकदम बदलते, स्पीकरच्या पडद्याला धक्का बसतो, आणि तो धक्का म्हणजे आपले टप्प. चिप डोळे चोळत उठेपर्यंत आजोबांचे 'एको' निघून गेलेले असते.

आता ही झोप कुणाच्या परवानगीने? २०१८ साली लिनक्सच्या फेडोरा नावाच्या आवृत्तीत ही एका सेकंदाची झोप आपोआप चालू करण्यात आली, तेव्हा तिच्यातून होणारी बचत सांगितली गेली सुमारे ०.४ वॅट. हा आकडा ऐकून मी कागद-पेन्सिल घेतली. ०.४ वॅट म्हणजे एक युनिट वाचायला अडीच हजार तास. लॅपटॉप रोज आठ तास लावला, तर तीनशे बारा दिवस. युनिटला दहा रुपये धरा. म्हणजे जवळजवळ वर्षभर टप्प टप्प ऐकल्यावर माझे दहा रुपये वाचणार! आणि ते टप्प काढायला माणूस मागतो चौदा हजार. हे चौदा हजार या बचतीतून वसूल करायला सुमारे बाराशे वर्षे लागतील. राष्ट्रकूटांच्या अमोघवर्ष राजाने गादीवर असताना ही सोय चालू केली असती, तर त्याची रक्कम आता कुठे फिटत आली असती.

कबूल, बॅटरीवर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. आठ वॅट खाणाऱ्या यंत्रात पन्नास वॅट-तासांची बॅटरी असेल, तर या झोपेने वीसएक मिनिटे वाढतात, आणि रेल्वेत वीस मिनिटे म्हणजे पुष्कळ. त्याची चिप खुशाल झोपू दे. पण आमचा लॅपटॉप जन्मापासून भिंतीला बांधलेला आहे. त्याची वायर दिसत असताना त्याला काटकसर शिकवणारा हा कोण? बरे, काटकसर करायची तर गुपचूप करावी. आमच्या घरी सौभाग्यवती दरमहा तेलात बचत करते, पण भजी कढईत सोडताना घरभर दवंडी पिटत नाही. बचत ज्यांच्या नावावर जमा होते ते वेगळे, आणि दचकतो तो मी. आता 'खाते सांभाळण्याचा खर्च' म्हणून लोकांच्या खात्यातून आठ-आठ रुपये कापताना मीही असाच गप्प बसतो, हे मला मान्य आहे. पण निदान आम्ही एसएमएस पाठवतो!

त्यातून यादीची गंमत ऐका. काही लॅपटॉपांवर टप्प होते अशा तक्रारी आल्यावर लिनक्सच्या गाभ्यातच एक यादी घालण्यात आली: अमुक अमुक यंत्रांची चिप झोपवू नये. म्हणजे रोग ठाऊक होता, औषधही ठाऊक होते; फक्त रोग्याने आपले नाव यादीत आहे का ते बघायचे. आमचे नाव नव्हते. मतदारयादी असो की पेन्शनची यादी, आमचे नाव पहिल्या फेरीत कधी नसतेच.

भाच्याने एक फाइल उघडली. तिच्यात 'पॉवर सेव्ह' अशा नावापुढे १ लिहिला होता. त्याचा त्याने शून्य केला. बस्स! एकाचा शून्य! बँकेत मी एवढेच केले असते, तर माझी चौकशी बसली असती. इथे मात्र चौदा हजार वाचले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी शून्य शून्यच राहिला.

मी दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "तेच तर. बोर्डाचाच प्रॉब्लेम होता."

त्या रात्री कन्येने एकोणतीसचा पाढा घेतला. 'एकोणतीस' स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून. आई पलंगावर बसून ऐकत होती. तीन-चार दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा मला म्हणाली, "ह्यांची टिचकी बंद झाली का रे?"

मी म्हटलं, "नात आता चुकत नाही ना, आई."